थोरलीचा चष्मा

शाळेतल्या पोरांचे डोळे तपासायचं काम सरकारनं आम्हा मास्तरणींच्याच गळ्यात बांधलंय. जनगणना आम्ही करायची, मतदार यादी आम्ही करायची, जंताच्या गोळ्या आम्ही वाटायच्या, मग डोळे तरी दुसऱ्या कोणी कशाला तपासायचे? एक तक्ता देतात, त्यावर इंग्रजी ई वेगवेगळ्या दिशेला तोंड करून उभा असतो, वरून खाली बारीक बारीक होत गेलेला. आणि सहा मीटरची एक दोरी. दोरीच्या एका टोकाला तक्ता, दुसऱ्या टोकाला पोर. ईचं तोंड कुणीकडं ते पोरानं हातानं दाखवायचं. शेवटची ओळ जमली की पास, नाही जमली की नाव लिहून पुढं पाठवायचं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एवढंच शिकवलं होतं आणि तेवढ्यावर मी स्वतःला डोळ्यांची मोठी जाणकार समजत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते माझ्या या शहाणपणापायीच झालं.

मी सौसरला राहते. शाळा बोरगावच्या अलीकडं एका खेड्यात. नवरा नगरपालिकेत, पाणीपुरवठ्याला. दोन मुली होत्या. थोरली पंधरा वर्षांची असताना गेली. पोळ्यानंतर चौथ्या दिवशी तिला ताप चढला, सहाव्या दिवशी आम्ही तिला नागपूरला नेलं, आणि दहाव्या दिवशी घरी आणलं ते तसंच. डेंग्यू. दवाखान्यातल्या सिस्टरनं एक प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. त्यात केसांची एक क्लिप, कानातल्या बारीक रिंगा आणि तिचा चष्मा होता.

आमच्या घरी तेरवी नसते. पुण्यानुमोदन झालं, त्रिशरण-पंचशील झालं, पाहुणे जेवून गेले. कपडे, दप्तर, सायकल, सगळं मी आठ दिवसांत वाटून टाकलं. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. डोंबलाची खंबीर! चष्मा पर्समध्ये ठेवला होता आणि शाळेत मधल्या सुट्टीत उघडून पाहत होते. एकदा लावूनही पाहिला. जाड भिंगं, साडेचारचा नंबर. मला त्यातून समोरचा फळा दिसेना, चक्कर आली, घाईघाईनं काढून ठेवला. ज्याचा नंबर नाही त्याला त्यातून काहीच दिसत नाही, हे त्या दिवशी मी स्वतःवर तपासून घेतलं. ही माझी दुसरी अक्कल.

डिसेंबरात शाळेच्या तपासणीआधी मी तक्ता घरी आणला. जरा सराव होईल म्हणून ओसरीच्या खांबाला तो टांगला, दोरी फाटकापर्यंत धरली आणि धाकटीला फाटकाशी उभं केलं. ती दहा वर्षांची, पाचवीत. दुपारचे चार वाजले असतील. रस्त्यानं संत्र्याच्या कॅरेटांनी भरलेल्या गाड्या जात होत्या. धाकटीनं वरच्या ओळी झटपट सांगितल्या आणि खालच्या ओळींना अडखळली. मग डोळे बारीक करून पाहायला लागली. मी म्हटलं, डोळे मिचकवू नको, सरळ पाहा. सरळ पाहिलं की तिला काहीच सांगता येईना.

थोरलीचंही असंच सुरू झालं होतं, चौथीत. तिला चष्मा लागला आणि दरवर्षी नंबर वाढतच गेला. मी धाकटीला सांगणार होते की उद्या डॉक्टरकडं जाऊ. खरंच तेच सांगणार होते. पण हात पर्सकडं गेला. चष्मा काढला, पदरानं पुसला आणि तिच्या कानांवर बसवला. म्हटलं, बघू तरी.

तिच्या पापण्या दोन-तीनदा हलल्या. मग तिनं हात उचलला आणि शेवटची ओळ एका दमात दाखवली. वर, खाली, डावीकडं, वर, उजवीकडं. एकही चूक नाही.

"शाबास!" मी ओरडलेच. किती महिन्यांनी माझा आवाज असा चढला होता.

धाकटी तिथूनच माझ्याकडं पाहून म्हणाली, "आई, तू लहान झाली."

माझ्या हातातून दोरी सुटली. थोरलीनं पहिल्यांदा चष्मा लावला तेव्हा दुकानाच्या पायरीवर उभी राहून हेच शब्द बोलली होती. याच क्रमानं, याच सुरात. तेव्हा धाकटी चार-पाच वर्षांची, ती तिथं नव्हतीही. आणि ही गोष्ट घरात पुन्हा कोणी काढली नव्हती, माझ्या मनात ती अगदी एकटीनं बसून होती.

त्यात काही चमत्कार नव्हता हे मला आज कळतं. त्या भिंगातून सगळं लहानच दिसतं, कोणतंही पोर तेच म्हणेल. पण त्या दुपारी मी काही विचारलं नाही. चष्मा चांगला आहे, नंबर जुळतोय, पोरीला साफ दिसून राहिलंय, मग वाया कशाला घालवायचा? नवऱ्यालाही मी तेच सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टरले दाखवून तर घे." मी म्हटलं, "मी तपासलं न! शेवटची ओळ वाचली तिनं." माझ्या तोंडापुढं आमच्या घरात कोणी टिकत नाही.

पुढच्या पंधरा दिवसांत धाकटीची चाल बदलली. आधी ती ओसरीच्या दोन पायऱ्या उडी मारून उतरायची. आता खालच्या पायरीवर आधी पाय टेकवून चाचपायची, मग अंग टाकायची. थोरली तशीच उतरायची. मान थोडी खाली घालून, चष्म्याच्या वरच्या काठानं पाहायची. थोरली तशीच पाहायची. चष्मा नाकावरून घसरला की तो मनगटानं वर सारायची, बोटानं नाही. थोरलीचं हे मनगट मी किती वेळा धरून म्हटलं होतं, नीट बोटानं कर. धाकटीला मी काहीच म्हटलं नाही. भाकरी थापता थापता मी मान वळवून पाहत बसायची आणि तव्यावरची भाकरी करपायची.

आणि डोळे. धाकटीचे डोळे मोठे, बापावर गेलेले. त्या भिंगांमागं ते बारीक दिसायचे, दूर गेलेले. हुबेहूब थोरलीचे.

शेजारच्या काकूंनी एक दिवस मला फाटकाशी गाठलं. "मॅडम, तुमाले एक सांगू का? काल सांजच्याला तुमची थोरली फाटक लावून राहिली होती. मी आवाज देणारच होती. मंग याद आलं." काकूंच्या अंगावर खरंच शहारा आला होता, हातावरचा काटा मला दिसला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "लहानीले कुठं दाखवून आणा. बाहेरचं असन काही."

मी काय भडकले म्हणता! "काकू, आमच्या घरी बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावल्या आहेत. भूतखेत आमच्या दारातून आत येत नाही. आणि पुन्हा माझ्या पोरीबद्दल असं बोलाल तर बोलणं बंद होईल." काकू बिचाऱ्या पदर सावरत निघून गेल्या. मी आत येऊन खुर्चीत बसले. मी स्वतःला समजावलं, चष्मा तोच, नाक दोघींचं सारखं, म्हणून तो तसाच घसरतो, म्हणून मनगट तसंच वर जातं. पायरी त्या भिंगातून दूर वाटत असेल, म्हणून पाय चाचपतो. सगळ्याला कारण होतं. कारण हाताशी असूनही संध्याकाळी ती फाटकातून आत आली की माझ्या पाठीतून थंड काहीतरी सरकायचं, आणि खरं सांगायचं तर त्या थंड सरकण्याचीच मी दिवसभर वाट पाहायची.

डोकं दुखते, असं ती पहिल्या महिन्यात म्हणायची. कपाळावर, भुवयांच्या मध्ये. मी बाम चोळून दिला. "नवा चष्मा असला की दुखते बेटा. ताईचंही दुखायचं." मग तिनं सांगणं बंद केलं. वही नाकाशी धरून लिहायला लागली. होळीच्या सुमारास मी पुन्हा तक्ता टांगला, या वेळी चष्म्याशिवाय, आणि तिला वरच्या तीन ओळींपलीकडं काही दिसेना. चष्मा लावला की शेवटच्या ओळीपर्यंत सगळं साफ. तीन महिन्यांत एवढा नंबर वाढला! दुसरी आई असती तर घाबरून डॉक्टरकडं पळाली असती. मी नवऱ्याला म्हटलं, "पाहा, ताईच्याच वाटेनं चालली." माझ्या आवाजात जे होतं ते मला आता लिहवत नाही. ते कौतुक होतं.

मग तो रविवार. नवरा जेवायला बसला होता, धाकटी अंगणात. मला पाणी हवं होतं आणि माझ्या तोंडून थोरलीचं नाव गेलं. सहज, नेहमीच्या आवाजात, जशी ती असताना रोज सात-आठ वेळा हाक मारायचे तशी.

"ओ, आई," अंगणातून उत्तर आलं. जराही वेळ न लागता. पाण्याचा गडू घेऊन धाकटी आली, मनगटानं चष्मा वर सारला आणि गडू ठेवून गेली.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला भीती वाटायला हवी होती, लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं, इतके महिने छातीवर ठेवलेला दगड कोणी उचलल्यासारखं. त्यानंतर मी मुद्दाम तशी हाक मारली, दोनदा. नवरा घरात नसताना. दोन्ही वेळा ओ आली. नुकतीच अकरा वर्षांची झालेली माझी जिवंत पोरगी माझ्या हातानं पुसली जाऊन राहिली होती, आणि मी पुसत होते.

जुलैत एका परीक्षेच्या फॉर्मसाठी तिचा फोटो लागला. आम्ही बाजारातल्या स्टुडिओत गेलो. फोटोवाला म्हणाला, "बेटा, चश्मा उतार, चमक आ रही है।" तिनं काढला. आता सात महिने झाले होते, ती झोपेतून उठली की आधी चष्मा शोधायची, त्यामुळं तिला बिनचष्म्याचं मी नीट पाहिलंच नव्हतं. फोटोवाला म्हणाला, "इधर देख बेटा, मेरी तरफ।"

"देख ही तो रही हूँ," ती म्हणाली.

ती पाहतच होती. पण तिची दोन्ही बुबुळं आत ओढली गेली होती, नाकाकडं. नाकाच्या शेंड्यावर काहीतरी बसलंय आणि तेवढंच ती पाहतेय असं वाटत होतं. मी म्हटलं, घ्या फोटो, उशीर होतोय.

संध्याकाळी नवऱ्यानं तो फोटो हातात घेतला आणि बराच वेळ ट्यूबलाइटखाली धरला. "हे कोण आहे?" तो म्हणाला. मी म्हटलं, कोण म्हणजे? तो म्हणाला, "थोरली नाही हे. लहानी बी नाही. तू कोणाले बनवून राहिली वं घरात?" लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यानं माझ्यावर आवाज चढवल्याची ती पहिली वेळ.

पांढुर्ण्याला एक डोळ्यांच्या डॉक्टर नागपूरहून आठवड्यातून एक दिवस येतात. नवऱ्यानं रजा टाकली आणि आम्ही तिघं गेलो. मॅडम तरुण होत्या, बोलायला फटकळ. त्यांनी धाकटीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, भिंगं बदलून पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली. मग तिचा चष्मा एका मशीनवर ठेवला आणि वर बघितलं.

"हा नंबर हिला कोणी दिला?"

नवरा म्हणाला, "हा तिच्या ताईचा आहे."

"मग ताईनं काय घातलंय?" त्या म्हणाल्या. त्यांना काय माहीत. नवऱ्यानं मान खाली घातली, तेव्हा त्यांना समजलं असावं. त्यांनी खुर्ची माझ्याकडं ओढली.

"ऐका. लहान मुलांच्या डोळ्यांत फार जोर असतो. जवळचं पाहायला डोळ्याच्या आतला स्नायू आवळतो, लांबचं पाहायला सुटतो. जास्त नंबरचा चष्मा लावला तर तुम्हाला लगेच धूसर दिसेल, कारण तुमचा जोर वयाबरोबर कमी झालाय. मुलाला तसं होत नाही. ते आतून आवळून आवळून साफ पाहतं. तक्ता वाचतं. आईला वाटतं नंबर बरोबर आहे. हिनं सात महिने तो स्नायू आवळून धरलाय, उठल्यापासून झोपेपर्यंत. आता चष्मा काढला तरी तो सुटत नाही, म्हणून लांबचं दिसत नाही, म्हणून डोळे आत ओढले जातात. माझा अंदाज आहे, हिचा खरा नंबर एकाच्याही आत असेल."

"म्हणजे तिला... त्रास होत असेल?" मी विचारलं.

"भयंकर. डोकं दुखतं म्हणाली नाही कधी?"

मी खाली पाहिलं. जगाच्या पोरांचे डोळे तपासून नावं लिहिणारी मी, आणि घरातलं हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यांनी थेंब लिहून दिले. तीन दिवस घालायचे, म्हणजे आवळलेला स्नायू सुटेल, मग पुढच्या आठवड्यात खरा नंबर काढू. "बाहुल्या मोठ्या होतील, उन्हात डोळे दिपतील, जवळचं धुकट दिसेल, घाबरू नका. आणि हा चष्मा आजपासून बंद. स्नायू सुटल्यावर याच्यातून तिला तसंही काही दिसणार नाही."

तीन दिवस मी शाळेतून सुट्टी घेतली. खिडक्यांना चादरी लावल्या. धाकटी पलंगावर बसून राहायची. दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांत काळंच काळं झालं, भोवती तपकिरी रंगाची एक बारीक कडा उरली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती दाराशी जाऊन बिनचष्म्यानं बाहेर पाहत म्हणाली, "बाबा, त्या टाकीवरचा पक्षी दिसून राहिला मले." नवरा धावत गेला, दोघं टाकीकडं पाहत उभे राहिले. पायऱ्या ती उडी मारून उतरली. मी आतून पाहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, गेली. थोरली आज दुसऱ्यांदा गेली.

चार वाजता नवरा पाण्याच्या कामावर गेला. घरात आम्ही दोघी. आणि मी कपाटातून चष्मा काढला. डॉक्टरांचा शब्द न् शब्द माझ्या लक्षात होता, आणि तरी काढला. पलंगावर तिच्यासमोर बसले आणि तिच्या कानांवर बसवला. एकदाच पाहून घेऊ, शेवटचं, असं मनाला सांगितलं.

तिनं मान खाली घातली. मनगटानं चष्मा वर सारला. भिंगांमागं ते बारीक, दूरचे डोळे आता पूर्ण काळे होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, हनुवटीवरून पदरावर पडत राहिलं, मी पुसलंही नाही.

"दिसते का?" मी विचारलं.

"हो. साफ दिसते."

"काय दिसते?"

"तू," ती म्हणाली. "तू हसून राहिली."

एका हातावर बसले होते मी तिच्यापासून. माझं तोंड रडून सुजलं होतं, आणि तिला तिथं एक धुकट गोळा दिसत असणार, दुसरं काही नाही. मी चष्मा ओढून काढला.

"खोटं काऊन बोलली? दिसत नव्हतं न काही?"

ती घाबरली. "नव्हतं."

"मंग दिसते म्हणून काऊन सांगतलं?"

ती चादरीचा दोरा ओढत राहिली. मी खांदा धरून पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, "तू चष्मा लावल्यावरच माह्याकडं पाहते. पयल्या दिवशी शाबास म्हटलं होतं. ताई गेल्यापासून तू बोललीच नव्हती माह्यासोबत." आणि मग, मला समजावल्यासारखं, "डोकं तर थोडंसंच दुखते, आई. मी लावीन. ताईच्या नावानं आवाज दिला तरी मले चालते."

मी तिला जवळ ओढलं. काहीतरी बोलायला हवं होतं, ताईबद्दल नाही, तिच्याबद्दल, फक्त तिच्याबद्दल. मी तोंड उघडलं. वर्गातली तिची मैत्रीण कोण, तिला कोणता खेळ आवडतो, रात्री ती कशाला घाबरते, मला काहीच आठवेना. अकरा वर्षांची माझी पोरगी, आणि तिच्याशी बोलायला माझ्याजवळ एक वाक्य नव्हतं.

ती माझ्या तोंडाकडं पाहत वाट पाहत होती. ते मोठे काळे डोळे जवळचं काही पाहू शकत नव्हते. शेवटी तिनं हात पुढं केला आणि माझ्या गालावर बोटं फिरवून पाहिली.

"आई," ती म्हणाली, "तू रागावली का?"